प्रेझेंट परफेक्टमध्ये जस्ट, ऑलरेडी, येट, सिन्स नेमके कुठे बसतात?

टंकलेखक

ऑफिसच्या इंग्रजी मेलमध्ये खालची वाक्यं सतत लागतात. पहिल्या चारांखाली ग्रॅमर चेकर रेघ मारतो. काय बदलायचं ते सुचवतो, पण का ते सांगत नाही.

१) आय हॅव सेंट द कोटेशन यस्टरडे.
२) वी आर वेटिंग फॉर युअर रिप्लाय सिन्स टू वीक्स.
३) द पेमेंट इज नॉट येट रिसीव्ह्ड.
४) आय हॅव चेक्ड ऑलरेडी द फाइल.
५) हॅव यू ऑलरेडी रिसीव्ह्ड द पार्सल?

पाचव्याला रेघ नाही, पण तिथे येट हवं की ऑलरेडी, हा घोळ कायम असतो.

शाळेतला नियम एवढाच लक्षात आहे की जस्ट, ऑलरेडी, येट, एव्हर, नेव्हर, सिन्स, फॉर यांपैकी काही दिसलं की हॅव किंवा हॅज लावायचं आणि क्रियापदाचा थर्ड फॉर्म घ्यायचा. पण अमेरिकन लोक सर्रास 'आय ऑलरेडी सेंट इट' लिहितात. मग नियम चुकीचा की ते? आणि हे शब्द कुठे ठेवायचे याचा काही हिशेब आहे, की कानाला बरं वाटेल तिथे?

उकार_वेलांटी

हिशेब आहे, आणि तो बराचसा पक्का आहे. आधी जागेचं बघू, कारण चौथं वाक्य निव्वळ जागेमुळे बिघडलंय.

जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर, ऑलवेज, ऑफन, रिसेंटली ही मंडळी हॅव/हॅज आणि थर्ड फॉर्म यांच्या मध्ये बसतात. 'आय हॅव ऑलरेडी चेक्ड द फाइल.' 'ही हॅज जस्ट लेफ्ट.' मराठीत आपण 'मी फाइल आधीच तपासली आहे' म्हणतो, म्हणजे क्रियाविशेषण कर्म आणि क्रियापद यांच्या मध्ये येतं. ती सवय इंग्रजीत नेली की 'चेक्ड ऑलरेडी द फाइल' तयार होतं. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मध्ये सहसा काही घुसवत नाहीत. 'आय हॅव रेड केअरफुली द रिपोर्ट' हेही त्याच कारणाने खटकतं. 'आय हॅव रेड द रिपोर्ट केअरफुली' करा.

हेल्पिंग व्हर्ब दोन असतील, म्हणजे पॅसिव्ह असेल, तर ऑलरेडी, जस्ट, नेव्हर पहिल्या हेल्पिंग व्हर्बनंतर येतात. 'द फाइल हॅज ऑलरेडी बीन सेंट.' 'हॅज बीन ऑलरेडी सेंट' ओढूनताणून केल्यासारखं दिसतं. याउलट काम कसं झालं किंवा किती झालं हे सांगणारे शब्द थेट थर्ड फॉर्मला चिकटतात: 'द बॉक्स हॅज बीन बॅडली डॅमेज्ड.' दोन्ही प्रकार एका वाक्यात आले की फरक स्वच्छ दिसतो: 'द डेटा हॅज ऑलरेडी बीन केअरफुली चेक्ड.' ऑलरेडी हॅजच्या लगेच नंतर, केअरफुली चेक्डच्या लगेच आधी.

तिसऱ्या वाक्यात क्रियाविशेषण जागेवर आहे, हेल्पिंग व्हर्ब चुकलंय. 'मिळालेलं नाही' मधल्या 'नाही'चं इज नॉट झालंय. 'द पेमेंट हॅज नॉट येट बीन रिसीव्ह्ड' किंवा 'द पेमेंट हॅजन्ट बीन रिसीव्ह्ड येट'. नॉटला चिकटलेलं येट औपचारिक वाटतं, शेवटी टाकलेलं येट रोजच्या बोलण्यातलं. दोन्ही बरोबर. 'द पेमेंट हॅज येट नॉट बीन रिसीव्ह्ड' मात्र नको.

आणखी एक जागा पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. उत्तर तोडकं असलं की क्रियाविशेषण हॅवच्या आधी जातं. 'हॅव यू सेंट इट?' याला 'यस, आय ऑलरेडी हॅव.' 'आय हॅव ऑलरेडी' म्हणून थांबलं तर वाक्य अर्ध्यात सोडल्यासारखं वाटतं. तसंच 'नो, आय नेव्हर हॅव'.

नीरक्षीर

येट आणि ऑलरेडीबद्दल.

येट प्रश्नात आणि नकारात. ऑलरेडी होकारात. इथपर्यंत शाळेतलं बरोबर. पण ऑलरेडी प्रश्नातही येतं, फक्त विचारणाऱ्याचा सूर बदलतो. 'हॅव यू रिसीव्ह्ड द पार्सल येट?' म्हणजे मिळालं का, मला कल्पना नाही. 'हॅव यू ऑलरेडी रिसीव्ह्ड द पार्सल?' म्हणजे मिळालं असावं असा माझा अंदाज आहे, खात्री करून घेतोय. आणि 'हॅव यू रिसीव्ह्ड इट ऑलरेडी?' असं शेवटी आलं की 'अरे, इतक्यात मिळालंसुद्धा?' असं आश्चर्य. ग्राहकाला साधी चौकशी करायची असेल तर येट घ्या.

मराठीतला 'अजून' इथे गोंधळ घालतो, कारण येट आणि स्टिल दोघांचं काम तो एकटाच करतो. 'अजून आलं नाही' याची दोन इंग्रजी रूपं होतात:

'आय हॅवन्ट रिसीव्ह्ड इट येट.' ही नुसती माहिती.
'आय स्टिल हॅवन्ट रिसीव्ह्ड इट.' यात 'केव्हाची वाट बघतोय' हा वैताग आहे.

जागा नीट बघा: स्टिल हॅवन्टच्या आधी, येट शेवटी. 'आय हॅवन्ट स्टिल रिसीव्ह्ड' चुकीचं. नॉट सुटा लिहिला तर 'आय हॅव स्टिल नॉट रिसीव्ह्ड' चालतं. पहिल्याच स्मरणपत्रात स्टिल घातलं तर समोरच्याला ते झोंबतं आणि लिहिणाऱ्याला कळतही नाही का. पहिल्या मेलला येट, तिसऱ्याला स्टिल.

प्रॉबेबलीचंही असंच आहे. होकारात मध्ये: 'दे हॅव प्रॉबेबली लेफ्ट'. नकारात हॅवन्टच्या आधी: 'दे प्रॉबेबली हॅवन्ट लेफ्ट'.

नेव्हरला वेगळी सूचना. मराठीत 'कधीच' बरोबर 'नाही' लागतंच: कधीच पाहिलं नाही. इंग्रजीत नेव्हरमध्येच नकार आहे, त्यामुळे 'आय हॅवन्ट नेव्हर सीन' मध्ये तो दोनदा होतो. एकतर 'हॅव नेव्हर सीन', नाहीतर 'हॅवन्ट एव्हर सीन'. आणि एव्हर साध्या होकारार्थी वाक्यात बसत नाही. 'आय हॅव एव्हर बीन टु दिल्ली' हे वाक्यच होत नाही. प्रश्नात, नकारात किंवा 'द बेस्ट आय हॅव एव्हर सीन' अशा तुलनेतच ते शोभतं.

पाणिनीचा_शेजारी

पहिलं वाक्य कुणीच घेतलं नाही, आणि मराठी माणसाची सगळ्यात पक्की चूक तीच आहे.

'मी काल कोटेशन पाठवलंय.' मराठीत यात काहीही गैर नाही. 'पाठवलंय'मधला 'आहे' सांगतो की काम झालेलं आहे, 'काल' सांगतो कधी झालं. दोघं सुखाने नांदतात. फ्रेंच आणि जर्मनमध्येही हॅवसारख्या रूपाबरोबर 'काल' बिनदिक्कत येतो. इंग्रजीत नाही. तिथे यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन २०१९, ऍट फाइव्ह ओक्लॉक यांपैकी काहीही आलं की साधा भूतकाळ: 'आय सेंट द कोटेशन यस्टरडे'. इंग्रजीचा हा हेकेखोरपणा भाषाशास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकतो. व्हॉल्फगांग क्लाइन यांनी १९९२ साली यावर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच पझल हा शब्द आहे.

कामापुरतं असं धरा: प्रेझेंट परफेक्टची खिडकी आत्तापर्यंत उघडी असते. जो काळ संपला, दार लावून गेला, त्याचं नाव या वाक्यात घ्यायचं नाही. म्हणून 'धिस वीक' चालतं, 'लास्ट वीक' चालत नाही. 'टुडे' चालतं, कारण दिवस उरलाय. 'धिस मॉर्निंग' घड्याळावर अवलंबून: सकाळी दहाला 'आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग', पण दुपारी चारला 'आय कॉल्ड हिम ट्वाइस धिस मॉर्निंग'.

यातून दोन चुका आपोआप सुटतात.

एक, व्हेन. 'व्हेन हॅव यू डिस्पॅच्ड द गुड्स?' हे आपल्याकडच्या मेलमध्ये सारखं दिसतं. व्हेन हा नेमकी वेळच मागतो, म्हणून 'व्हेन डिड यू डिस्पॅच'. मूळ पुन्हा मराठीतच: आपला 'कधी' दोन कामं करतो. 'तू कधी हंपीला गेलायस का?' मधला कधी म्हणजे एव्हर, तिथे 'हॅव यू एव्हर बीन टु हंपी?' 'तू हंपीला कधी गेलास?' मधला कधी म्हणजे व्हेन, तिथे 'व्हेन डिड यू गो टु हंपी?'

दोन, बिफोर. 'आय हॅव सेंट इट बिफोर टू डेज' मध्ये 'दोन दिवसांपूर्वी' शब्दाला शब्द ठेवून उतरवलंय. हवं ते 'आय सेंट इट टू डेज अगो'. बिफोर प्रेझेंट परफेक्टबरोबर येतं, पण एकटं, आकड्याविना आणि शेवटी: 'आय हॅव सीन धिस एरर बिफोर.' टू डेज बॅक हे अगोचं बोलीतलं भावंड, त्यालाही भूतकाळच लागतो.

एक बारीक अपवाद. मनाई फक्त हॅव/हॅजच्या वर्तमानकाळी रूपाला आहे. 'ही मस्ट हॅव लेफ्ट यस्टरडे' अगदी बरोबर आहे. तिथे मस्टमुळे हॅव वर्तमानकाळ दाखवत नाही. आणि 'सिन्स यस्टरडे' चालतं, कारण सिन्स कालपासून आत्तापर्यंतचा सगळा पट्टा घेतो.

अंतर्वक्र

दुसऱ्या वाक्यात दोन चुका एकावर एक आहेत. एकीने दुसरी झाकली जाते.

पहिली काळाची. 'दोन आठवड्यांपासून वाट बघतोय' हा मराठीत वर्तमानकाळ, म्हणून आर वेटिंग. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला परफेक्ट लागतं: हॅव बीन वेटिंग. दुसरी सिन्सची. मराठीचा 'पासून' सोमवारपासूनही चालतो आणि दोन आठवड्यांपासूनही. इंग्रजीत सिन्सला सुरुवातीचा बिंदू हवा आणि फॉरला लांबी.

सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स दिवाळी, सिन्स द लास्ट ऑडिट.
फॉर टू वीक्स, फॉर अ लाँग टाइम, फॉर द लास्ट थ्री मंथ्स.

शेवटच्या उदाहरणात लास्ट बघून लोक सिन्स घालतात. 'सिन्स लास्ट थ्री मंथ्स' चूक, पण 'सिन्स लास्ट मार्च' बरोबर, कारण मार्च हा बिंदू आहे. आणि फॉरनंतरच्या त्या लास्टच्या आधी द विसरू नका. 'सिन्स लाँग' हे भारतीय कार्यालयांचं अपत्य. 'फॉर अ लाँग टाइम' लिहा. 'फ्रॉम २०१९' सुद्धा 'पासून'मुळेच येतं. तिथे सिन्स.

तर वाक्य: 'वी हॅव बीन वेटिंग फॉर युअर रिप्लाय फॉर टू वीक्स.' दोन फॉर जवळ आले म्हणून घाबरू नका, त्यांची कामं वेगळी आहेत. कानाला खटकलंच तर तारीख घालून सिन्स करा.

आता फॉरची खरी खोच. जॉइन, स्टार्ट, बाय, लीव्ह, डाय ही क्रियापदं क्षणात उरकतात. त्यांना होकारात लांबी जोडता येत नाही. 'आय हॅव जॉइन्ड धिस कंपनी फॉर टू इयर्स' म्हणजे दोन वर्षं जॉइनच करत बसलोय. 'आय हॅव बीन विथ धिस कंपनी फॉर टू इयर्स' करा, नाहीतर 'आय जॉइन्ड टू इयर्स अगो'. नकारात मात्र लांबी बसते, कारण न घडणं लांबत राहतं: 'दे हॅवन्ट कॉल्ड फॉर टू वीक्स.' आणि 'शी हॅज गॉन टु नाशिक फॉर टू वीक्स' बरोबर आहे, फक्त अर्थ वेगळा: ती दोन आठवड्यांच्या मुक्कामाला गेली आहे. जाऊन दोन आठवडे झाले, असा नाही.

सिन्सनंतर छोटं वाक्य आलं तर त्यात सहसा साधा भूतकाळ: 'आय हॅव यूज्ड धिस सॉफ्टवेअर सिन्स आय जॉइन्ड.' तिथेही परफेक्ट घालून 'सिन्स आय हॅव जॉइन्ड' करू नये. सिन्सच्या पोटातली स्थिती स्वतःच अजून चालू असेल तर परफेक्ट येतं, जसं 'सिन्स आय हॅव बीन हिअर'.

मिसिसिपी_मुक्काम

अमेरिकन प्रश्नाचं उत्तर देतो. 'आय ऑलरेडी सेंट इट', 'ही जस्ट लेफ्ट', 'डिड यू ईट येट?' हे तिथे रोजचं इंग्रजी आहे, अडाणीपणा नव्हे. ब्रिटिश माणूस याच जागी 'आय हॅव ऑलरेडी सेंट इट', 'हॅव यू ईटन येट?' पसंत करेल.

म्हणून 'ऑलरेडी दिसलं की परफेक्ट' हा शाळेतला नियम परीक्षेत उपयोगी, पण पूर्ण खरा नाही. मात्र ही सूट एकाच दिशेची आहे, हे ध्यानात घ्या. अमेरिकन माणूस परफेक्टच्या जागी भूतकाळ वापरतो. यस्टरडेबरोबर परफेक्ट तोही वापरत नाही. आणि सिन्स/फॉरने चालू गोष्ट सांगायची तर त्यालाही परफेक्टच लागतं: 'आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स २०१५'. त्यामुळे 'अमेरिकेत चालतं' म्हणून तुमचं पहिलं किंवा दुसरं वाक्य वाचत नाही.

उंडगा_पक्षी

सगळं मान्य, पण 'सिन्स टू वीक्स'ला एवढं झोडपायचं कारण काय? कोट्यवधी भारतीय असंच बोलतात आणि एकमेकांना समजतं. भारतीय इंग्रजी हा स्वतंत्र प्रकार आहे. अमेरिकनांना जस्ट लेफ्टची सूट, आणि आपल्याला का नाही?

अंतर्वक्र

बोलण्यात खुशाल वापरा, कुणी अडवत नाही. फरक इतकाच की अमेरिकन रूप तिथल्या संपादित लेखनातही छापून येतं. 'सिन्स टू वीक्स' भारतातल्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे संपादकही कापतात. आणि अर्थाचा धोकाही आहे. 'वी आर वेटिंग' वाचणाऱ्या परदेशी ग्राहकाला 'आत्ता थांबलोय' एवढंच पोचतं, दोन आठवड्यांची तक्रार पातळ होते.

टंकलेखक

खूप स्पष्ट झालं. अजून तीन अडलेल्या गोष्टी. रिसेंटली आणि लेटली एकच का? 'जस्ट' आणि 'जस्ट नाऊ' एकच का? आणि 'मी पहिल्यांदाच ही सिस्टिम वापरतोय' याला 'धिस इज द फर्स्ट टाइम आय ऍम युजिंग' लिहिलं तर पुन्हा रेघ येते.

नीरक्षीर

रिसेंटली एकदाच घडलेल्या गोष्टीलाही चालतं आणि दोन्ही काळांत चालतं: 'वी रिसेंटली चेंज्ड द व्हेंडर', 'वी हॅव रिसेंटली चेंज्ड द व्हेंडर'. लेटली बहुतेक वेळा परफेक्टबरोबर, वाक्याच्या शेवटी, आणि गेल्या काही दिवसांत वारंवार घडणाऱ्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला: 'द सर्व्हर हॅज बीन स्लो लेटली.' 'आय हॅव बॉट अ स्कूटर लेटली' विचित्र वाटतं, स्कूटर एकदाच घेतली जाते.

जस्ट मध्ये बसतं, परफेक्टबरोबर: 'आय हॅव जस्ट सेंट इट.' जस्ट नाऊ म्हणजे क्षणापूर्वी, ते सहसा शेवटी आणि भूतकाळाबरोबर: 'आय सेंट इट जस्ट नाऊ.' दोघांची खिचडी करून 'आय हॅव सेंट इट जस्ट नाऊ' करू नका.

पाणिनीचा_शेजारी

फर्स्ट टाइमचं उत्तर: 'धिस इज द फर्स्ट टाइम आय हॅव यूज्ड धिस सिस्टिम.' इथे इंग्रजी मोजदाद करतं. आजवर किती वेळा? एकदा, हीच. मोजदाद आली आणि ती आत्तापर्यंतची असली की परफेक्ट. म्हणून 'धिस इज द थर्ड टाइम द लिंक हॅज फेल्ड', 'वी हॅव रिसीव्ह्ड फोर कम्प्लेंट्स सो फार'. ट्वाइस, थ्री टाइम्स शेवटी येतात. सो फार शेवटी किंवा अगदी सुरुवातीला. आपल्याकडे त्याच्या जागी 'टिल नाऊ' आणि 'टिल डेट' चालतं. बाहेरच्या वाचकासाठी सो फार किंवा टु डेट बरं.

मोजणी संपलेल्या काळातली असेल तर पुन्हा भूतकाळ. 'द लिंक फेल्ड थ्री टाइम्स यस्टरडे.'

टंकलेखक

मग हे बघा बरं:

आय सेंट द कोटेशन यस्टरडे.
वी हॅव बीन वेटिंग फॉर युअर रिप्लाय सिन्स द थर्ड ऑफ जून.
द पेमेंट हॅज नॉट येट बीन रिसीव्ह्ड.
आय हॅव ऑलरेडी चेक्ड द फाइल ट्वाइस धिस वीक.
हॅव यू रिसीव्ह्ड द पार्सल येट? इफ सो, व्हेन हॅज इट अराइव्ह्ड?

उकार_वेलांटी

पहिली चार पाठवा. पाचव्याचा पहिला प्रश्न ठीक, दुसऱ्यात व्हेन आहे: 'इफ सो, व्हेन डिड इट अराइव्ह?' आणि चौथ्यात ऑलरेडी आणि ट्वाइस दोन्ही ठेवले तर 'दोनदा तपासून झाली, आता पुरे' असा सूर लागतो. तसं म्हणायचं नसेल तर ऑलरेडी काढून टाका.